पिवळ्या जर्सीचा पहिला मानकरी

जुलै महिना आला की फ्रान्स देशातील खेडोपाडीचे रस्ते माणसांनी फुलून जातात. शेतकरी हातातले काम टाकून बांधावर येऊन उभे राहतात. मुले झाडांवर चढून बसतात. डोंगरातील वळणांवर तर लोक आदल्या दिवसापासूनच मुक्काम ठोकतात. ही सारी धडपड असते काही क्षणांचे दृश्य पाहण्यासाठी. दूरवर धूळ उडते, घंटा व भोंगे वाजू लागतात आणि रंगीबेरंगी वेष केलेल्या सायकलस्वारांचा घोळका सोसाट्याच्या वाऱ्यासारखा समोरून निघून जातो. त्या घोळक्यात प्रत्येकाची नजर एकालाच शोधत असते. तो असतो पिवळी जर्सी घातलेला स्वार, त्या दिवसापर्यंत शर्यतीत सर्वांच्या पुढे असलेला वीर.

या शर्यतीचे नाव ‘टूर द फ्रान्स’, म्हणजे फ्रान्सची प्रदक्षिणा. ती पिवळी जर्सी अंगावर चढविण्याचा मान ज्याला सर्वप्रथम मिळाला, त्याचे नाव यूजेन क्रिस्तोफ. नवलाची गोष्ट अशी, की या क्रिस्तोफला ही शर्यत आयुष्यात एकदाही जिंकता आली नाही. तरीही कित्येक विजेत्यांची नावे विसरली गेली आणि त्याचे नाव मात्र फ्रान्समध्ये आजही आदराने घेतले जाते. असे का व्हावे, हे त्याच्या चरित्रावरूनच कळेल.

क्रिस्तोफचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिस शहरालगतच्या मालाकॉफ या वस्तीत झाला. पोटापाण्यासाठी त्याने लहान वयातच कुलुपे व लोखंडी वस्तू बनविण्याच्या धंद्यात उमेदवारी पत्करली. भट्टीत लोखंड लाल कसे करावे, ऐरणीवर घाव कसा घालावा, कानशीने कड कशी साफ करावी, हे सारे त्याचे हात तेथे शिकले. हे शिक्षण पुढे आपणास एका बिकट प्रसंगी उपयोगी पडणार आहे, याची त्या पोराला काय कल्पना असणार! त्याचे मन मात्र सायकलीत गुंतले होते. १९०४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो धंदेवाईक सायकलस्वार झाला.

त्याच्या आधी एकच वर्ष, १९०३ मध्ये, टूर द फ्रान्सचा जन्म झाला होता. पॅरिसमधून ‘लोतो’ नावाचे एक क्रीडाविषयक दैनिक निघत असे. आंरी देग्रांज हा त्याचा संपादक. आपल्या पत्राचा खप वाढावा म्हणून या दैनिकाने साऱ्या देशाला वळसा घालणारी सायकल शर्यत भरविली. पहिल्या वर्षी शर्यतीचे टप्पे सहा होते आणि एकूण अंतर २,४२८ किलोमीटर होते. साठ जण निघाले, त्यांपैकी एकवीसच पॅरिसला परत पोहोचले.

अशा शर्यतीत जय कोणाचा, हे कसे ठरवितात? एका दिवसाच्या शर्यतीत जो आधी पोहोचेल तो जिंकतो. तेथे प्रश्नच नसतो. परंतु टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीचा हिशेब निराळा आहे. प्रत्येक टप्पा पार करण्यास स्वाराला किती वेळ लागला, हे टिपून ठेवतात. रोजच्या वेळेत दुसऱ्या दिवसाची वेळ मिळवितात. अखेरीस ज्याच्या वेळेची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. समजा, एक स्वार लागोपाठ पाच दिवस एकेका मिनिटाच्या फरकाने पहिला आला. पण सहाव्या दिवशी तो दहा मिनिटे मागे पडला. म्हणजे पाच दिवसांची कमाई एका दिवसात बुडाली, वर पाच मिनिटांचे कर्ज झाले! म्हणून रोज पहिले येण्यापेक्षा एकही दिवस फार मागे न पडणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते. एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते आणि अनेक टप्पे जिंकूनही ती हातची जाऊ शकते.

आणखी एक मर्म ध्यानात घ्यावयास हवे. सायकलस्वाराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे समोरचा वारा. पुढच्या स्वाराच्या पाठीशी चिकटून चालणाऱ्याला तो वारा फारच कमी लागतो आणि त्याची शक्ती वाचते. म्हणून सपाट रस्त्यावर स्वार घोळक्याने चालतात. सोबती आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेतात आणि आपल्या नायकाला आडोसा देतात. पण डोंगराचा उभा चढ लागला की वेग मंदावतो, आडोशाचा उपयोग थोडा राहतो आणि ज्याच्या त्याच्या पायांतील बळ उघडे पडते. म्हणूनच या शर्यतीचा निकाल बहुधा डोंगरांत लागतो.

क्रिस्तोफच्या काळी ही शर्यत आजच्याहून फार खडतर होती. एकेक टप्पा तीनशे-चारशे किलोमीटरांचा असे. स्वार मध्यरात्री किंवा पहाटे निघत आणि संध्याकाळी मुक्कामास पोहोचत. रस्ते खडीचे व मातीचे. चढावर सायकल हलकी करणारी दातेरी चक्रांची योजना वापरण्यास मनाई होती. चढ लागला की खाली उतरून मागचे चाक काढावयाचे आणि ते उलटे बसवावयाचे, कारण त्याच्या दोन बाजूंना दोन निरनिराळी चक्रे असत. देग्रांज मोठा करड्या शिस्तीचा माणूस होता. माणूस आणि त्याचे यंत्र या दोघांचीही कसोटी लागावी, असा त्याचा आग्रह असे. म्हणून वाटेत सायकल मोडली, तर स्वाराने ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करावी, कोणाचीही मदत घेऊ नये, असा कडक नियम होता.

क्रिस्तोफच्या चिवटपणाची पहिली साक्ष पटली ती इटलीमध्ये. १९१० च्या एप्रिल महिन्यात मिलान ते सान रेमो ही एका दिवसाची मोठी शर्यत होती. त्या दिवशी डोंगरात भयंकर हिमवादळ झाले. त्रेसष्ट जण निघाले होते. बर्फाने, वाऱ्याने बहुतेकांना गारठवून परत पाठविले. क्रिस्तोफही रस्त्याच्या कडेला अर्धमेला होऊन थांबला होता. एका वाटसरूने त्याला जवळच्या खाणावळीत नेले. ओले कपडे काढून, घोंगडी पांघरून तो शेकत बसला. पण खिडकीतून कोणी स्पर्धक जाताना दिसताच त्याला राहवले नाही. तो उठला, पुन्हा बर्फात शिरला आणि बारा तासांहून अधिक वेळ झुंजून पहिला आला. मुक्कामापर्यंत पोहोचलेले स्वार बोटांवर मोजण्याइतकेच होते. या विजयाची किंमत म्हणून त्याला महिनाभर इस्पितळात पडून राहावे लागले.

१९१२ च्या टूर द फ्रान्समध्ये त्याने लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यांतील एका टप्प्यात तर तो आल्प्स पर्वतातून ३१५ किलोमीटर एकटाच सर्वांच्या पुढे धावत होता. मुंबईहून पुण्यास जाऊन परत यावे, एवढे हे अंतर! तरीही अंतिम क्रमवारीत त्याला दुसऱ्या जागेवर समाधान मानावे लागले. कारण त्या काळात वेळेऐवजी गुणांवर निकाल लागत असे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन असे गुण देत आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंके. या पद्धतीत एक तास आधी पोहोचणारा आणि एक हात आधी पोहोचणारा, दोघांना सारखेच फळ मिळे. बेल्जमचा ओदिल दफ्रे त्या वर्षी विजयी झाला.

पुढच्या वर्षी, १९१३ मध्ये, वेळेची पद्धत पुन्हा सुरू झाली. आता क्रिस्तोफच्या आशा पालवल्या. पाच टप्पे संपले तेव्हा तो अवघ्या चार-पाच मिनिटांच्या फरकाने दुसरा होता. ९ जुलै रोजी सहावा टप्पा होता: बायोन ते ल्युशाँ, ३२६ किलोमीटर, पिरेनीज पर्वताच्या एकामागून एक खिंडी ओलांडून. पहिल्या क्रमांकावरचा दफ्रे त्या दिवशी मागे पडला आणि शर्यत सोडून गेला. क्रिस्तोफ मात्र तुर्माले खिंडीच्या माथ्यावर फिलिप थीस या बेल्जमच्या स्वाराच्या पाठोपाठ पोहोचला. ही खिंड २,११५ मीटर उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, यावरून तिची कल्पना यावी. समोर आता उतार होता. साऱ्या शर्यतीत पहिला होण्याची वेळ जवळ आली होती.

तो उतार वेगाने उतरत असतानाच घात झाला. सायकलीचे पुढचे चाक ज्या दुबेळक्या लोखंडी दांड्यात बसविलेले असते, तो चिमटाच मोडला. चिमटा मोडलेली सायकल म्हणजे पाय मोडलेला घोडा. दुसरी सायकल घेण्यास नियमाने बंदी होती. मागे पडलेले स्वार एकामागून एक त्याच्या बाजूने निघून जाऊ लागले. क्रिस्तोफच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. पण त्याने सायकल खांद्यावर टाकली, चाक हाती घेतले आणि डोंगरातील आडवाटांनी तो खाली चालू लागला. दहाहून अधिक किलोमीटर अशी पायपीट केल्यावर सेंत-मारी-द-कांपाँ हे खेडे लागले. एका मुलीने त्याला लोहाराच्या दुकानाची वाट दाखविली.

लोहार भला माणूस होता आणि मदतीस तयार होता. पण नियम आडवा आला. शर्यतीचे अधिकारी आणि प्रतिस्पर्धी कारखान्यांचे प्रतिनिधी दारात उभे राहून पाहत होते. लोहाराने हातोड्यालाही हात लावता कामा नये, असे ठरले. तेव्हा क्रिस्तोफचे जुने शिक्षण धावून आले. त्याने लोखंडी नळीचा एक तुकडा मागून घेतला. निखारे फुलविले, मोडके टोक तापविले, ऐरणीवर ठोकले, सांधले, कानशीने घासले. मात्र एके ठिकाणी त्याची अडचण झाली. दोन्ही हात कामात गुंतलेले असताना भाता कोणी ओढावा? जवळ उभ्या असलेल्या सात वर्षांच्या एका मुलाने त्याला थोडा वेळ भाता ओढून दिला.

सुमारे तीन तासांनी चिमटा तयार झाला. भुकेला, थकलेला क्रिस्तोफ पुन्हा सायकलीवर बसला. अजून दोन खिंडी ओलांडावयाच्या होत्या. ल्युशाँला तो पोहोचला तेव्हा थीसला येऊन जवळजवळ चार तास झाले होते. आणि वर दंड! लहान मुलाने भाता ओढला, म्हणजे बाहेरची मदत घेतली, म्हणून त्याच्या वेळेत दहा मिनिटे मिळविण्यात आली. हा दंड पुढे तीन मिनिटांवर आणला गेला. चार तास गमावलेल्या माणसाला तीन मिनिटे काय आणि दहा काय? पण नियमाच्या अक्षरासाठी त्याचा आत्मा विसरला गेला, असे लोकांना वाटल्यावाचून राहिले नाही.

या ठिकाणी दुसरा कोणी असता, तर रागाने सायकल फेकून देऊन घरी गेला असता. त्याला कोणी दोषही दिला नसता. क्रिस्तोफ दुसऱ्या टप्प्याच्या वेळी पुन्हा रांगेत हजर होता. आता आपण जिंकणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होते. तरी उरलेले सारे टप्पे पुरे करून तो सातव्या क्रमांकाने पॅरिसला पोहोचला. विजयाची माळ थीसच्या गळ्यात पडली.

लवकरच पहिले महायुद्ध पेटले. १९१५ पासून चार वर्षे शर्यत बंद राहिली. शर्यतीचे तीन माजी विजेते, पती-ब्रताँ, फाबेर आणि लापीझ, युद्धकाळात मरण पावले. १९१९ च्या जून महिन्यात शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा रस्ते युद्धाने उखडलेले होते आणि सायकलीचे टायरसुद्धा मिळण्याची मारामार होती. अंतर मात्र ५,५६० किलोमीटर ठेवलेले! सदुसष्ट जण निघाले, अखेरच्या यादीत दहाच नावे उरली. क्रिस्तोफ आता चौतीस वर्षांचा होता. चौथ्या टप्प्यानंतर तो पहिल्या क्रमांकावर आला.

त्या वर्षी टंचाईमुळे सायकलीच्या अनेक कारखान्यांनी एकत्र येऊन आपल्या स्वारांना एकाच तऱ्हेच्या करड्या जर्सी दिल्या होत्या. त्यामुळे पुढे कोण आहे, हे रस्त्यावरच्या लोकांना ओळखू येईना. म्हणून १९ जुलै १९१९ रोजी ग्रनोबल येथून निघताना देग्रांजने क्रिस्तोफला पिवळी जर्सी दिली. ‘लोतो’ हे पत्र पिवळ्या कागदावर छापले जात असे; जर्सीचा रंग तोच होता. आज जिच्यासाठी जगातील स्वार जिवाचे रान करतात, त्या जर्सीवरून पहिल्याच दिवशी क्रिस्तोफची मात्र थट्टा झाली. पिवळ्या कॅनरी पक्ष्याची उपमा देऊन लोक त्याला चिडवू लागले!

अखेरून दुसरा टप्पा आला. मेत्स ते डंकर्क, तब्बल ४६८ किलोमीटर. दुसऱ्या क्रमांकावरचा फिर्माँ लांबो सुमारे अठ्ठावीस मिनिटे मागे होता. पॅरिस जवळ आले होते. आणि वालेन्सिएन गावाजवळ, खडबडीत फरसबंदीच्या रस्त्यावर, क्रिस्तोफच्या सायकलीचा चिमटा पुन्हा मोडला! सुदैवाने जवळच सायकलींचा एक कारखाना होता. पुन्हा त्याने स्वतःच्या हातांनी चिमटा सांधला. यात तासाहून अधिक वेळ गेला आणि त्या दिवशी एकंदर अडीच तासांची खोट बसली. पिवळी जर्सी लांबोकडे गेली. क्रिस्तोफ तिसरा आला.

पण या वेळी एक वेगळीच गोष्ट घडली. क्रिस्तोफवर दैवाने अन्याय केला, असे साऱ्या फ्रान्सला वाटले. ‘लोतो’ने त्याच्यासाठी वर्गणी उघडली. श्रीमंतांनी मोठ्या रकमा दिल्या, गरिबांनी जमेल तसे नाणे पाठविले. देणाऱ्यांच्या नावांनी वर्तमानपत्राचे रकानेच्या रकाने भरून गेले. एकूण १३,३१० फ्रँक जमले. विजेत्याला मिळालेल्या बक्षिसापेक्षा ही रक्कम कमी नव्हती. युद्धाने पोळलेले ते लोक स्वतः हालअपेष्टांत दिवस काढीत होते. सर्वस्व मोडून पडले असता पुन्हा ऐरणीपाशी उभा राहणारा हा माणूस त्यांना आपल्यातलाच वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

१९२२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याने पुन्हा काही दिवस पिवळी जर्सी घातली. आणि आल्प्समधील गालिबिए खिंडीच्या उतारावर तिसऱ्यांदा त्याचा चिमटा मोडला. त्याही वर्षी त्याने शर्यत सोडली नाही. तो आठवा आला. १९२६ मध्ये तो निवृत्त झाला. दुसऱ्या कित्येक मोठ्या शर्यती त्याने जिंकल्या, परंतु फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकण्याचे त्याचे स्वप्न अपुरेच राहिले. १ फेब्रुवारी १९७० रोजी, पंच्याऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून तो मरण पावला.

आज शर्यतीचे रूप पालटले आहे. सुमारे तीन आठवड्यांत एकवीस टप्पे होतात आणि मध्ये विश्रांतीचे दिवस असतात. आठ-आठ स्वारांचे संघ असतात. प्रत्येक संघाच्या मागून मोटारी येतात. त्यांत सुटी चाके, जादा सायकली आणि कारागीर असतात. चिमटा मोडला, तर स्वार क्षणभर थांबतो, दुसऱ्या सायकलीवर बसतो आणि निघतो. सोबती त्याच्यासाठी मागे राहून, वारा अंगावर घेत, त्याला पुन्हा घोळक्यात आणून सोडतात. पिवळ्या जर्सीबरोबर आणखीही मानाच्या जर्सी आल्या आहेत. टप्प्यांच्या अखेरीस व मधल्या ठरावीक ठिकाणी आघाडीवर राहून गुण मिळविणाऱ्याला हिरवी, घाटांच्या माथ्यावर गुण मिळविणाऱ्याला लाल ठिपक्यांची आणि तरुणांत श्रेष्ठ ठरणाऱ्याला पांढरी. माणसाने एकट्यानेच सारे सोसावे, हा देग्रांजचा हट्ट काळाने मोडीत काढला, हे योग्यच झाले. मात्र वेळेची ती बेरीज अजून तशीच आहे. एका दिवसाचे अपयश दुसऱ्या दिवशी पुसता येत नाही. ते सोबत घेऊनच पुढे जावे लागते.

सेंत-मारी-द-कांपाँ या खेड्यात क्रिस्तोफच्या त्या दिवसाची आठवण सांगणारा फलक लावलेला आहे आणि चिमटा हाती धरलेला त्याचा पुतळाही तेथे उभा आहे. जेथे शर्यत जिंकली, तेथे स्मारके उभारली जातात, यात आश्चर्य नाही. जेथे ती हरली, त्या जागी उभारलेले स्मारक क्वचितच पाहावयास मिळते. त्या लहानशा लोहारशाळेत क्रिस्तोफने शर्यत गमावली खरी; पण हाती घेतलेले काम नेकीने शेवटास नेणारा माणूस कसा असतो, हे त्याने तेथेच जगाला दाखवून दिले.